मोबाईलमधले भगदाड वेळेवर बुजवा



उसाचे बिल आता थेट बँकेच्या खात्यावर जमा होते. खाते गावचे असले तरी पुष्कळ घरांत ते मोबाईलवर बघणारा मुलगा किंवा लेक-जावई अंधेरी, बोरिवली, मुलुंड नाहीतर घाटकोपरला असतात. त्यांच्या हातातले यंत्र सुरक्षित आहे की नाही, हा आता आपल्याही घामाच्या पैशाचा प्रश्न झाला आहे. म्हणून या अंकात त्याविषयी थोडी माहिती देत आहोत.

इंटरनेटवरची पाने दाखवतो तो ब्राउझर, आणि संगणकावरून येते-जाते ते टपाल म्हणजे ईमेल. मुंबईच्या उपनगरांना हे टपाल नवे नाही. १९८६ साली सुरू झालेल्या ‘एर्नेट’ प्रकल्पात जुहूची एनसीएसटी आणि पवईची आयआयटी या दोन्ही संस्था होत्या. आज तेच टपाल घरोघरी पोचले आहे, आणि त्याबरोबर त्यातले धोकेही.

अलीकडचेच उदाहरण घ्या. सप्टेंबर २०२३ मध्ये क्रोम व फायरफॉक्स हे ब्राउझर आणि थंडरबर्ड हा ईमेलचा प्रोग्राम, या तिन्हींत एकच दोष निघाला. असे कसे झाले? ‘वेबपी’ प्रकारची चित्रे उलगडण्यासाठी तिन्हींत एकच तयार भाग बसवलेला होता. एकाच ठिकाणचे बेअरिंग तीन कारखान्यांनी आणावे आणि ते बेअरिंगच सदोष निघावे, तशी गत झाली.

दोष काय होता? आपली गव्हाण डोळ्यांसमोर आणा. तिच्यात मावेल तेवढाच ऊस टाकायचा असतो. जास्त टाकला तर तो कडेने बाहेर पडतो आणि शेजारच्या यंत्रात अडकतो. चित्र उलगडताना प्रोग्रामही आपल्या स्मृतीत ठराविक जागा राखून ठेवतो. भामट्याने मुद्दाम चुकीच्या घडणीचे चित्र पाठवले, तर त्यातली माहिती त्या जागेत न मावता शेजारी सांडते आणि प्रोग्रामचे स्वतःचे काम बिघडते. भामटा हुशार असला तर तोच प्रोग्राम मग त्याच्या हुकमाने चालू लागतो. यात ना ओटीपी विचारावा लागतो, ना पासवर्ड. या दोषाचा गैरवापर चालू असल्याचे गूगलनेच त्या वेळी जाहीर केले होते.

दुरुस्ती मात्र लगेच निघाली. क्रोमची ११ सप्टेंबरला, फायरफॉक्स व थंडरबर्डची १२ सप्टेंबरला, आणि तीही फुकट. पण दुरुस्ती निघाली म्हणजे ती आपल्या यंत्रात बसली असे नव्हे. २००१ साली ‘निमडा’ नावाच्या प्रोग्रामने जगभर धुमाकूळ घातला. तो ईमेलमधून ज्या भगदाडाने शिरत होता, त्याची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने २९ मार्चलाच दिली होती. निमडा आला १८ सप्टेंबरला. जवळजवळ सहा महिने हाताशी असूनही ज्यांनी ती बसवली नाही, ते सापडले.

तेव्हा सभासदांनी एवढे करावे :

१. मोबाईल ‘अपडेट करा’ म्हणाला की ‘नंतर बघू’ म्हणू नये.
२. अपडेट झाल्यावर ब्राउझर पूर्ण बंद करून पुन्हा उघडावा. नुसता उघडा ठेवला तर जुनाच चालू राहतो.
३. अपडेट प्ले स्टोअरमधून किंवा मोबाईलच्या सेटिंगमधूनच घ्यावे. मेसेजमध्ये आलेल्या लिंकवरून कधीही घेऊ नये.
४. ज्या जुन्या मोबाईलला अपडेट येणे बंद झाले आहे, त्यावर बँकेचे व्यवहार करू नयेत.
५. पैसे गेल्याचे कळताच १९३० या क्रमांकावर फोन करावा आणि बँकेलाही कळवावे. उशीर करू नये.

हंगाम संपला की कारखान्याची यंत्रे खोलून आपण दुरुस्ती करतो. यंदा चालले म्हणून पुढच्या वर्षी तसेच सोडून देत नाही. हाच नियम मोबाईललाही लावावा. मुले सुट्टीला गावी आली की घरातले सगळे मोबाईल एकदा समोर घेऊन बसावे आणि हे काम उरकून घ्यावे, अशी आमची सर्वांना विनंती आहे.