थट्टा, अवमान आणि दंड

पेडणे आणि डिचोली या गोव्याच्या नव्या काबिजातींतील तालुक्यांत दशावतारातील पुरुषाने वठविलेली स्त्रीभूमिका रसिक रात्र जागवून आदराने पाहतात. त्याच प्रदेशात, चेंडू हुकलेल्या खेळाडूस मैदानाभोवतालच्या गर्दीतून ‘बायल्या’ म्हणून हिणविले गेले, तर तो केवळ निरुपद्रवी विनोद होय, असे समर्थन टिकणारे नाही.

◼ कायदा : प्रौढांचे परस्परसंमत समलिंगी संबंध तत्कालीन भारतीय दंड संहितेच्या कलम ३७७ च्या कक्षेतून सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी वगळले.

◼ खेळाचे नियम : फिफाच्या २०१९ च्या शिस्तसंहितेने लैंगिक कलावरून होणारा अवमान वंशद्वेषाच्याच पंक्तीस बसविला, प्रेक्षकांच्या अशा वर्तनाबद्दल पहिल्याच अपराधास किमान २०,००० स्विस फ्रँक दंड ठरविला.

◼ अंमल : प्रेक्षकांच्या समलिंगीद्वेषी घोषणांबद्दल २०२१ मध्ये मेक्सिकोच्या फुटबॉल संघास दोन सामने प्रेक्षकांविना खेळण्याचे फर्मान सुटले.

◼ खेळाडू : धावपटू द्युती चंद यांनी २०१९ मध्ये आपले समलिंगी नाते जाहीर केले.

प्रतिस्पर्ध्यास उद्देशून फेकलेला ‘बायल्या’सारखा शब्द प्रत्यक्षात स्वसंघातील अबोल खेळाडूस आणि शेजारी बसलेल्या किशोरासही लागतो. म्हणून उच्चारणाऱ्याचा हेतू निर्मळ असला, तरी इजा टळत नाही.