कच्च्या कैदेची मुदत

जुन्या निवाडपत्रांत वादी-प्रतिवादींचे जामीनकतबे आधी घेतलेले आढळतात, निवाडा मागाहून. नवी मुंबईतील तळोजा कारागृहात मात्र भीमा-कोरेगाव प्रकरणातील कित्येक आरोपींनी निवाड्यावाचून वर्षे काढली. सन २०२२ अखेर देशातील शंभर कैद्यांत सुमारे ७६ कच्चे कैदी होते.

१ जुलै २०२४ पासून अमलात असलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ प्रमाणे, पूर्वी कधी दोषी न ठरलेल्याने कमाल शिक्षेचा तृतीयांश, इतराने अर्धा काळ बंदीत काढला की जामिनासाठी न्यायालयास लेखी अर्ज कारागृह-अधीक्षकानेच करावयाचा असतो. देहान्त वा जन्मठेपेचे गुन्हे वगळले आहेत. एकाहून अधिक खटले प्रलंबित असणारेही वगळले, हे आम्हांस कठोर वाटते. गणना बंदीच्या दिवसांची असल्याने अटकेची मिती दाखविणारा कागद आप्तांनी सनदेप्रमाणे जपावा.