एका खोडाची नाव

नेदरलँड्समधील पेसे या खेड्याजवळ १९५५ साली महामार्गासाठी खोदकाम चालू असताना दलदलीतून एक पोखरलेले खोड वर आले. पाइन जातीच्या झाडाचे ते खोड सुमारे तीन मीटर लांब आणि जेमतेम ४४ सेंटिमीटर रुंद होते. कार्बन-१४ पद्धतीने त्याचा काळ इसवी सनापूर्वी ८०४० ते ७५१० असा ठरला. आजवर सापडलेली ही जगातील सर्वांत जुनी होडी होय. चाकाचा शोध लागायला तेव्हा चार हजार वर्षांचा अवकाश होता! दलदलीच्या थरांत प्राणवायू फारसा पोहोचत नाही, म्हणून हे लाकूड कुजले नाही. इतक्या अरुंद खोडातून माणूस जाईल का, अशी शंका घेतली गेली. पण २००१ साली तिची प्रतिकृती पाण्यात वल्हवली गेली आणि शंका फिटली.

नायजेरियातील डुफुना येथे १९८७ साली मिळालेली सुमारे आठ हजार वर्षांपूर्वीची नाव तर ८.४ मीटर लांब आहे.

लोखंडाची हत्यारे नसलेल्या अनेक जमातींनी खोड पोखरण्याचे काम विस्तवावर सोपवले. खोडावर निखारे ठेवायचे आणि जळालेला भाग दगडाने किंवा शिंपल्याने खरवडून काढायचा, असे थरावर थर उतरत जायचे.

अशा एका खोडाच्या नावेची खरी अडचण मात्र रुंदीची. खोडाचा घेर असेल तेवढीच नाव, आणि अरुंद नाव चटकन कलंडते. कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावरील हायडा लोकांनी यावर वाफेचा उपाय शोधला. रेड सीडर झाडाच्या पोखरलेल्या खोडात पाणी भरून त्यात तापलेले दगड टाकायचे. लाकूड मऊ झाले की आडवे दांडे ठोकून दोन्ही बाजू फाकवायच्या. पॅसिफिक बेटांवरील लोकांनी नावेच्या बाजूला, थोड्या अंतरावर, समांतर ओंडका जोडून तोल साधला. कोकणातले कोळी या जोडओंडक्याला उलांडी म्हणतात. काही ठिकाणी खोडाच्या काठांवर फळ्या चढवून उंची वाढवली गेली आणि फळ्यांच्या मोठ्या नावांकडे जाणारी एक वाट खुली झाली.

एस्टोनियातील सोमा या दलदलीच्या प्रदेशात अ‍ॅस्पेनचे खोड पोखरून, उष्णतेने फाकवून आजही अशा होड्या बनतात. मात्र हे कौशल्य जाणणारे कारागीर फार थोडे उरले आहेत. म्हणूनच युनेस्कोने २०२१ साली या कलेची नोंद तातडीने जपण्याच्या अमूर्त वारशाच्या यादीत केली.