हँडल बदलताय? आधी अंग बघा, मग दिखावा

पान आरोग्याचं आणि विषय सायकलच्या हँडलचा, असं का, हे आधी सांगते. आपल्या वस्तीत सायकल ही हौसेची वस्तू नाही. सांगली-मिरजेच्या सपाट रस्त्यांवरून कुपवाडच्या एमआयडीसीत पाळीला जाणारे दादा, साताऱ्यात यवतेश्वरच्या घाटाकडे सराव करणारी पोरं, क्लासला जाणाऱ्या मुली, सगळ्यांच्या हाता-पाठीचा भार रोज त्या हँडलवर पडतो. हल्ली पोरांना बैलाच्या शिंगांसारखं पुढे वळलेलं हँडल हवं असतं. त्याला बुलहॉर्न म्हणतात. घ्यायला हरकत नाही. पण ते कोणासाठी आहे आणि त्याच्याबरोबर काय बदलावं लागतं, हे कळल्याशिवाय पैसे टाकू नका.

हे हँडल शर्यतीतलं. जानेवारी १९८४ मध्ये इटलीच्या फ्रान्सेस्को मोझरनं मेक्सिको सिटीत एका तासात ५१.१५१ किलोमीटर अंतर कापून विक्रम केला, तेव्हा त्याच्या सायकलला असंच हँडल होतं. वाकून बसलं की वारा कमी अडतो. चढावर शिंगं धरून उभं राहिलं की पायाला जोर मिळतो. पण मोझर रिकाम्या ट्रॅकवर एकटा होता. आपल्यापुढे रिक्षा, खड्डे आणि एसटी असते. म्हणून घाट चढणाऱ्याला बुलहॉर्न उपयोगाचं. सपाट रस्त्यानं डबा-पिशवी घेऊन कामावर जाणाऱ्याला साधं, थोडं उंच हँडलच बरं.

दुखणं कुठून येतं?

हँडल आणि पुढचा चिमटा यांना जोडणारा तुकडा म्हणजे स्टेम. शिंगं पुढे गेली की हातही तितकेच पुढे जातात. जुना लांब स्टेम तसाच ठेवला तर माणूस ताणला जातो, मग मान, खांदे आणि कंबर दुखते. तळहातावर भार आला की करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर होतं, मुंग्या येतात. म्हणून बुलहॉर्न लावताना स्टेम बहुधा आधीपेक्षा आखूड लागतो. सुरुवातीला हँडल सीटच्या उंचीला ठेवा, फार खाली नको. शिंगं धरल्यावर कोपर थोडं वाकलेलं आणि मनगट सरळ राहिलं पाहिजे. हँडलची रुंदी साधारण आपल्या खांद्यांइतकी असावी. चार-पाच दिवस सायकल बंद ठेवूनही बोटं बधिरच राहिली किंवा पकड ढिली पडली, तर हाडांच्या डॉक्टरांना दाखवा.

जोडी जुळते का?

हँडलचा मधला भाग स्टेममध्ये आवळतात. तिथली जाडी २५.४, २६ किंवा ३१.८ मिलिमीटर असते. २५.४ आणि २६ डोळ्यांना सारखेच दिसतात, पण २५.४ चं हँडल २६ च्या स्टेममध्ये घट्ट बसत नाही. खड्ड्यात ते एकदम फिरतं आणि माणूस तोंडावर पडतो. मध्ये डब्याचा पत्रा घालून आवळू नका. दुकानदाराला व्हर्नियर लावून मापायला सांगा. स्टेमचं दुसरं टोकही बघा. जुन्या पद्धतीचा स्टेम चिमट्याच्या नळीत आत उतरतो, नव्या पद्धतीचा नळीला बाहेरून आवळतो. एकाच्या जागी दुसरा चालत नाही. आत उतरणाऱ्या स्टेमवर एक खूण असते. उंची वाढवताना ती खूण नळीच्या वर दिसता कामा नये.

हात जिथे, ब्रेक तिथे

साध्या हँडलची मूठ २२.२ मिलिमीटर जाडीची असते, बुलहॉर्नची बहुधा २३.८. त्यामुळे जुने ब्रेकचे खटके त्यावर चढत नाहीत. मग पोरं ते मधल्या भागात कसेबसे बसवतात किंवा एकच ब्रेक ठेवतात. हात शिंगांवर आणि ब्रेक लांब, तर मूल समोर आल्यावर उपयोग काय? शिंगांवरच बसणारे खटके घ्या आणि त्यांचा खर्च आधीच धरा. तेवढे पैसे नसतील तर हँडल पुढच्या महिन्यात घ्या. सळईचे ब्रेक असलेल्या जुन्या काळ्या सायकलला तर हे करूच नका. तिथे ब्रेक हँडलालाच जोडलेले असतात आणि चाकाची रिमही तारेच्या ब्रेकसाठी बनलेली नसते.

उघडी नळी, पोटाला धोका

काहीजण शर्यतीचं जुनं वाकडं हँडल उलटं करून करवतीनं कापतात आणि बुलहॉर्न बनवतात. कापलेली नळी म्हणजे गोल सुरीच. कडा कानशीनं घासा आणि टोकाला घट्ट बूच बसवा. पूर्वी पडून वाकलेलं किंवा तडा गेलेलं हँडल मात्र सरळ भंगारात द्या. मुलांच्या सायकलच्या मुठी फाटल्या असतील तर त्याही आजच बदला.

वॉर्डात काम करताना मी पोटात हँडल घुसलेली मुलं पाहिली आहेत. बाहेरून फक्त गोल वळ दिसतो, पण आत यकृत, प्लीहा किंवा स्वादुपिंडाला मार लागलेला असू शकतो. मूल आधी खेळतं, काही तासांनी कोमेजतं. पोटदुखी वाढणं, उलटी, खांद्यात दुखणं, अंग पांढरं पडणं, थंड घाम, चक्कर, लघवीतून रक्त यातलं काहीही दिसलं तर थांबू नका. पोट चोळू नका, शेक देऊ नका, दुखणं थांबवायची गोळी देऊन झोपवू नका, खायला-प्यायला देऊ नका. १०८ ला फोन करा आणि सोनोग्राफीची सोय असलेल्या सरकारी रुग्णालयात न्या. हँडल पोटात लागलं, हे डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगा.

दुकानातून निघण्याआधी

पुढचं चाक दोन्ही गुडघ्यांत धरा आणि हँडल जोरात डावी-उजवीकडे वळवा. मग शिंगांवर भार देऊन खाली दाबा. जरा जरी सरकलं तरी पुन्हा आवळून घ्या. हँडल पूर्ण वळवल्यावर ब्रेकची तार ताणली जाता कामा नये. दोन्ही ब्रेक दाबून सायकल पुढे ढकला, चाकं हलता कामा नयेत. आठवड्यानं बोल्ट पुन्हा तपासा. ही तपासणी पोरींनाही शिकवा. पाना काही फक्त पोरांच्याच हातात शोभतो असं नाही.