थांबलेलं घड्याळ आणि दिबांचे पाच गुंठे

नवी मुंबईतल्या करावे गावातल्या एखाद्या अरुंद गल्लीतून बाहेर पडा. चार पावलांवर सीवूड्सचे उंच टॉवर! त्या मजल्यांखाली कधीकाळी आगरी-कोळ्यांची जमीन होती. पण इथल्या घराघरांत ‘साडेबारा टक्के’ हा आकडा नातेवाइकाच्या नावासारखा तोंडी कसा बसला?

त्यामागे एक वकील उभा आहे. दिनकर बाळू पाटील, म्हणजे सगळ्यांचे दिबा. जन्म 13 जानेवारी 1926, उरणजवळच्या जासईचा. पुढे शेतकरी कामगार पक्षातून (शेकाप) पनवेलचे पाचदा आमदार, दोनदा खासदार.

1970 मध्ये सिडको ही शहर वसवणारी सरकारी कंपनी आली आणि नव्या शहरासाठी 95 गावांच्या जमिनी घ्यायचं ठरलं. हाताशी भूसंपादन कायदा होता 1894 चा! आता त्यातली मेख पाहा. जमिनीचा भाव कुठल्या दिवसाचा धरायचा? अधिसूचना निघाली त्या दिवसाचा. खाचरात भात डुलतोय आणि तिथेच घड्याळ बंद! उद्या याच बांधावर रेल्वे येईल, दुकानं येतील, त्यामुळे चढणारा भाव मोजायचा नाही, हेही त्याच कायद्यात लिहिलेलं. कोर्टात भांडून चार पैसे वाढवून मिळतील. शहराचा वाटा मात्र नाही.

मला दिबांचं सगळ्यात मोठं नवल इथे वाटतं. कायदा शिकलेला हा माणूस कायद्यात नसलेली गोष्ट, शहरातला वाटा, मागायला हजारो शेतकऱ्यांसोबत उभा राहिला. 16 आणि 17 जानेवारी 1984 ला उरण परिसरात या आंदोलकांवर पोलिसांचा गोळीबार झाला. पाच जण हुतात्मा झाले.

त्यानंतर 1990 आणि 1994 चे सरकारी निर्णय आले: घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के जागा, विकसित भूखंड म्हणून परत.

एवढीशीच? करूया हिशेब. एक एकर म्हणजे 40 गुंठे, त्याचे साडेबारा टक्के पाच गुंठे. सार्वजनिक सोयींसाठी दीड गुंठा वजा. हाती साडेतीन, म्हणजे सुमारे 3,800 चौरस फूट. त्यावर दीड चटईक्षेत्र निर्देशांक, म्हणजे साधारण 5,700 चौरस फुटांचं बांधकाम! दारात रस्ता, नळाला पाणी, काही भागात दुकानाचीही मुभा. अधिसूचनेच्या दिवशी थांबलेलं ते घड्याळ या साडेतीन गुंठ्यांपुरतं पुन्हा टिकटिक करू लागलं.