आभाळ भरलंय? पानाचा फोटो काढायला हाच दिवस

ऑगस्ट महिना लागला की माझा मोबाईल सकाळी सातपासून वाजू लागतो. "साहेब, सोयाबीन पिवळं पडायलंय, फोटू टाकलाय, बघा की." फोटो उघडावा तर वरच्या अर्ध्या भागात पांढरंफटक आभाळ, खाली काळपट हिरवा पट्टा. त्यात पीक कोणतं अन् तण कोणतं ते समजत नाही. विचारलं की उत्तर ठरलेलं, "काय करावं साहेब, आठ दिवस झाले सूर्याचं तोंड दिसलं नाही."

शेतकरी बंधूंनो, दोष आभाळाचा नाही. लग्नात फोटोग्राफर दिव्यापुढे पांढरी छत्री लावतो ती कशासाठी? नवरीच्या तोंडावर कडक सावली पडू नये म्हणून. ढग म्हणजे अख्ख्या शिवारावर धरलेली तीच छत्री. कडक उन्हात पान चमकतं आणि फिकट डाग त्या चमकीत बुडून जातात. ढगाळ दिवशी मात्र बुरशीची लव, मावा, पानावरचे चट्टे सगळं सारख्या उजेडात दिसतं. फसतो तो कॅमेरा. समोर जे दिसतं त्या सगळ्याचा उजेड मिळून तो हिशोब करतो. आभाळ ढगाळ असलं तरी पिकापेक्षा कितीतरी उजळ असतं, म्हणून ते फोटोत आलं की पीक काळं पडतं. तेव्हा जवळून फोटो घेताना आभाळ घेऊच नका. वाका आणि मोबाईल खाली झुकवा. मग पडद्यावर दिसणाऱ्या पानावर बोट टेकवा. बऱ्याच मोबाईलमध्ये शेजारी सूर्याची खूण येते, ती वर सरकवली की पान उजळतं.

एवढं सांगण्याचं कारण आहे. २०२२ च्या खरिपात एका काकांनी असाच अंधारलेला फोटो पाठवला होता. शेंड्याची पानं पिवळी वाटली, रानात पाणी साचलेलं होतं, मी फोनवरच लोहाची कमतरता ठरवून मोकळा झालो. पाणी काढून द्या, हिराकसची फवारणी घ्या, असं सांगितलं. आठ दिवसांनी बांधावर गेलो तर पिवळा मोझॅक! लोह कमी पडलं तर कोवळं पान पिवळं पडतं, पण शिरा हिरव्या राहतात. मोझॅकमध्ये पिवळे-हिरवे वेडेवाकडे चट्टे असतात. स्वच्छ फोटोत हा फरक लहान पोरालाही दिसेल. हा रोग पांढरी माशी पसरवते, म्हणून रोगट झाडं दिसताक्षणी उपटून नष्ट करायची असतात. आमचे आठ दिवस गेले आणि रोग शेजारच्या तासांत पोचला. काका काही बोलले नाहीत. चूक माझीच होती. तेव्हापासून फोटो नीट नसेल तर मी सल्ला देत नाही, दुसरा मागवतो. काहींना राग येतो. येऊ द्या.

उजेड कमी असला की कॅमेऱ्याला फोटो घ्यायला जास्त वेळ लागतो आणि तेवढ्यात हात किंवा पान हललं की सगळं पुसट होतं. म्हणून कोपरं बरगड्यांना टेकवा, श्वास रोखा. वारा असेल तर पानामागे डावा तळहात धरा. फ्लॅश बंदच ठेवा, पानावरच्या थेंबांवर तो चमकतो. अन् फोटोआधी काच कोरड्या रुमालाने पुसा! निम्मे धुरकट फोटो ओल्या बोटांमुळेच येतात. पानाशेजारी वहीचा कोरा कागद धरला तर फारच उत्तम. ढगाळ उजेडात फोटोला निळसर झाक येते, कागद किती पांढरा दिसतो यावरून पानाचा खरा रंग आम्हाला ओळखता येतो. एक फोटो पूर्ण झाडाचा, एक पानाच्या वरच्या बाजूचा आणि एक खालच्या बाजूचा. पांढरी माशी पानाखालीच बसते.

पंचनाम्याचं थोडं वेगळं आहे, तलाठी आणि ग्रामसेवक मंडळींनीही ध्यानात घ्यावं. नुकसान ३३ टक्के वा त्याहून जास्त आहे का, हा तिथे प्रश्न असतो. सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीत तुंबलेल्या रानांचे कितीतरी फोटो पाहिले, त्यात नुसतं चकाकतं पांढरं पाणी. साचलेलं पाणीही आभाळासारखंच कॅमेऱ्याला फसवतं. उंच बांधावर उभं राहून खाली झुकवून फोटो घ्या म्हणजे पाण्यातलं पीक दिसेल. शेतात माणूस उभा केला तर पाणी घोट्याएवढं की गुडघ्याएवढं तेही कळतं. विहीर किंवा लिंबाचं झाड एका फोटोत येऊ द्या आणि मोबाईलचं लोकेशन चालू ठेवा. ई-पीक पाहणीचा फोटोही ढग असताना दहा ते चारच्या दरम्यान घ्यावा, संध्याकाळी पाचला नको.

आणि व्हॉट्सअॅपवर पाठवताना फोटो म्हणून न पाठवता 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा. नाहीतर तो आकसून येतो आणि चट्टे पुसट होतात. सोबत गाव, पीक, वाण आणि पेरणीची तारीख तेवढी लिहा.