तोच स्फोट, वेगळा आकडा

7 मे 1945 रोजी न्यू मेक्सिकोच्या वाळवंटात लाकडी मचाणावर 108 टन टीएनटी रचून उडवून देण्यात आले. ट्रिनिटी या जगातल्या पहिल्या अणुचाचणीला तेव्हा दोन महिने अवकाश होता. हा स्फोट मुख्यतः उपकरणांसाठी होता. वजन ठाऊक असलेल्या टीएनटीमुळे किती अंतरावर किती दाब येतो आणि जमीन किती हलते, याची नोंद हाती नसेल तर अज्ञात बॉम्बची नोंद वाचायची कशाच्या आधारे? ट्रिनिटीवर पुष्कळ लिहिले जाते. या रंगीत तालमीची आठवण मात्र क्वचितच निघते. मोजमापाचा खरा पाया तिथे घातला गेला.

त्या काळची काही दाबमापके थक्क व्हावे इतकी साधी होती. एक पेटी, तिला वेगवेगळ्या व्यासाची भोके आणि त्यांवर ताणून बसवलेली ॲल्युमिनिअमची पातळ पत्री. मोठ्या भोकावरची पत्री थोड्या दाबाने फाटते, लहान भोकावरची तग धरते. कोणती फाटली आणि कोणती टिकली हे पाहिले, की दाब कोणत्या दोन आकड्यांच्या मध्ये होता ते समजते. वीज नको, घड्याळ नको. ब्रिटिश गणिती विल्यम पेनी यांचाही भर अशाच साधनांवर होता. 1952 मध्ये ऑस्ट्रेलियाच्या माँटे बेलो बेटांजवळ ब्रिटनने पहिली चाचणी केली, तेव्हा टूथपेस्टच्या नळ्या आणि पेट्रोलचे डबे मांडलेले होते. ते किती चेपले यावरून दाबाचा हिशेब झाला.

पुढे चाचण्या जमिनीखाली गेल्या आणि हवेच्या दाबाऐवजी खडकाशी गाठ पडली. 19 सप्टेंबर 1957 रोजी नेवाडात ‘रेनियर’ हा 1.7 किलोटनचा स्फोट डोंगराच्या पोटात झाला. त्याची वेळ आधीच जाहीर केलेली असल्याने दूरदूरचे भूकंपतज्ज्ञ तयारीत होते. हा स्फोट अडीचशे मैलांपलीकडे नोंदला गेला नाही, असे अमेरिकेच्या अणुऊर्जा आयोगाने आधी सांगितले. प्रत्यक्षात त्याची कंपने अलास्कात, 2300 मैलांवर नोंदली गेली होती. आयोगाला विधान मागे घ्यावे लागले.

कंपने पोहोचतात, पण ती किती मोठ्या स्फोटाची, हे नुसत्या आलेखावरून कळत नाही. नेवाडाखालचे प्रावरण तापलेले आहे. ते लहरींची ऊर्जा वाटेतच शोषून घेते. कझाकस्तानातल्या सेमिपलातिन्स्क या सोव्हिएत चाचणीस्थळाखालचा खडक जुना, थंड आणि घट्ट आहे, त्यातून लहरी फारशा न विरता निघून जातात. त्यामुळे समान शक्तीच्या स्फोटांच्या मॅग्निट्यूडमध्ये 0.3 ते 0.4 इतका फरक पडतो. मॅग्निट्यूडचे मोजमाप लॉगॅरिथमिक असल्याने स्फोटशक्तीच्या आकड्यात तो अडीच-तीन पट होतो. नेवाडाचे सूत्र लावून सोव्हिएत स्फोट मोजले, की ते फुगलेले दिसायचे. 1974 च्या कराराने अमेरिका आणि सोव्हिएत संघ या दोन्ही देशांच्या चाचण्यांवर 150 किलोटनची मर्यादा घातली होती. सोव्हिएत संघ ती मोडतो आहे, या वॉशिंग्टनमधल्या आरोपाच्या मुळाशी पुष्कळ अंशी हा खडकांमधला फरक होता. एका भूशास्त्रीय तपशिलाने दोन महासत्तांमधला अविश्वास इतका वाढवावा, हे आज वाचतानाही अस्वस्थ करते.

उपाय उघड होता: जवळ जाऊन मोजणे. 1988 मध्ये दोन्ही देशांनी एकमेकांच्या शास्त्रज्ञांना आपापल्या चाचणीस्थळी बोलावले. 17 ऑगस्टला नेवाडात आणि 14 सप्टेंबरला सेमिपलातिन्स्कला स्फोट झाले. अमेरिकेची भिस्त ‘कॉरटेक्स’ पद्धतीवर होती. बॉम्बच्या विवराशेजारी, काही मीटरवर दुसरे विवर खणून त्यात केबल सोडतात. स्फोटाची आघातलहर पसरताना केबल चिरडत जाते. वरून सोडलेले विद्युत स्पंद चिरडलेल्या टोकावरून परततात. परतीच्या वेळेवरून उरलेली लांबी आणि लांबीवरून लहरीचा वेग कळतो. उपकरणाचा हा भाग नष्ट होण्यासाठीच पुरलेला असतो, आणि त्याच्या नष्ट होण्याचा वेग हेच मोजमाप. इथेही खडकाची घनता, सच्छिद्रता आणि पाण्याचे प्रमाण आधी तपासावे लागते, कारण सच्छिद्र खडक दबताना बरीच ऊर्जा गिळतो. सोव्हिएत शास्त्रज्ञांचा कल भूकंपलहरींकडे होता. जवळून शक्ती मोजलेला स्फोट हाती आल्यावर दुरून मोजण्याचे सूत्रही तपासून घेता आले.

11 मे 1998 च्या पोखरण चाचण्यांनंतर हाच वाद आपल्याकडे आला. मुख्य स्फोट 45 किलोटनचा, असे सरकारी आकडा सांगतो. परदेशी भूकंपतज्ज्ञांचे अंदाज बरेच कमी होते. मुंबईतल्या भाभा अणुसंशोधन केंद्राच्या शास्त्रज्ञांनी उत्तर दिले, की सुमारे एक किलोमीटरच्या अंतरावर एकाच वेळी झालेल्या स्फोटांच्या लहरी एकमेकींत मिसळल्या, त्यामुळे दिशेनुसार मॅग्निट्यूड वेगळा भरला. जमीन किती हलेल, हा हिशेब मात्र चाचणीआधीच झाला होता. खेतोलाई गाव साधारण पाच किलोमीटरवर आहे. तिथल्या घरांना इजा होऊ नये म्हणून स्फोटशक्ती मर्यादित ठेवली, असे शास्त्रज्ञांनी नंतर सांगितले. तरीही घरांना तडे गेल्याची गावकऱ्यांची तक्रार राहिलीच.